निघोजं जगात येतं का

साहेब, तुमी गेल्यावर तुमच्यावर सगळ्यात पहिला विनोद मीच केला. आन सगळी बस हसली.

सोमवारची पहिली शिफ्ट. सांगवीच्या थांब्यावर बस लावली. बाकीचे चढले, तुमी न्हाई. एवढ्या वर्षांत तुमी कधी उशीर केला न्हाई, म्हनून तीनदा हॉर्न दिला. मागनं कुनीतरी वरडलं, "चल की बबन, पंचिंग चुकंल." तर मी आरशात बघून म्हनलं, "व्हेनिसला पानी आलं असंल. साहेबांची नाव सुटंना." हसले सगळे. मीबी हसलो आन गिअर टाकला. पुनावळ्याच्या पुलाखाली मागं बसलेल्या भागवतचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, पुढं आला आन माझ्या कानाशी वाकून म्हनला, "पेंडसे साहेब काल दुपारी गेले. संध्याकाळी सगळं उरकलंबी."

म्हंजे मी थट्टा केली तवा तुमी अस्थींचं मडकं झाला व्हता.

लोक सांगत्यात, हात थरथरले, डोळ्यापुढं अंधारी आली. माझं कायबी झालं न्हाई. पुढं कंटेनर व्हता, त्याला मागं टाकला. गेटवर सगळ्यांना येळेत उतरवलं. मग रिकाम्या बसमधी झाडू घेतला, तुमच्या शीटखाली झाडाया वाकलो, आन उठताच येईना. वॉचमन बघाया आला तर त्याला सांगितलं, कंबर धरली. मला साधं रडू आलं तरी मी त्याला कंबर म्हनतो. असला मानूस मी.

हे मी बोलतोय आन लिवतायत तुमच्या मंडळी, सुनंदावहिनी. कंपनीतली मानसं तुमच्यावर लहानसं पुस्तक काढतायत. सगळ्यांनी पान-पान लिवून दिलं. वहिनी म्हनल्या, "बबनराव, तुमचंही हवं." म्हनलं वहिनी, मी दुसरीतनं पळालेला, सही करताना अजून जीभ बाहेर येती माझी. तर म्हनल्या, "तुम्ही बोला, मी लिहिते. जसं बोलाल तसंच लिहीन." म्हनून सांगवीला तुमच्या घरी येऊन बसलोय, तुमच्या खुर्चीसमोर, खाली. वर बसा म्हनल्या त्या. म्हनलं नको, त्या खुर्चीत बसलं की शुद्ध बोलावं लागंल.

बाकीच्यांनी तुमी क्वालिटीत कधी लागला, साहेब कधी झाला, ते सगळं लिवलंय. मला त्यातलं कायबी म्हायती न्हाई. माझ्यासाठी तुमी म्हंजे इंजिनाशेजारची शीट. त्या शीटवर कुनी बसत नसतं. इंजिनाची धग लागती, ढुंगान भाजतं. तुमी पहिल्याच दिवशी येऊन बसला. मी म्हनलं, "साहेब, मागं चांगल्या शीटा हायत." तुमी पुढच्या काचेकडं बोट केलं आन म्हनला, "इथून पडदा मोठा दिसतो." मला वाटलं, डोक्यावर परिनाम झालाय. भागवतला हळूच इचारलंबी, "हे साहेब चावत्यात का?"

मग तुमी मला इचारलं, "राहता कुठे, बबनराव?" मला बबनराव म्हननारे तुमी पहिले. गावात मी बबन्या. म्हनलं, निघोजे. तुमी म्हनला, "अहो, कंपनी निघोज्यातच आहे." म्हनलं, व्हय साहेब. आमच्या गच्चीवरनं गेट दिसतं. त्या गेटला पोचाया मी रोज पहाटं उठून सांगवीला जातो आन तितनं परत येतो. तुमी हसला न्हाई. सगळे हसत्यात त्याला. तुमी म्हनला, "ह्याच्यावर सिनेमा होईल." तवा तर माझी खात्रीच पटली, परिनाम झालाय.

पिक्चर मीबी बघायचो. टाकीजमधी लागतो, चालतो न्हाईतर पडतो, इषय संपला, एवढीच माझी अक्कल. तुमी सांगितलं, जगात पिक्चरच्या जत्रा भरत्यात. आन आपल्याकडं जशी दर जत्रंची एकेक खोड असती, कुठं कुस्त्या, कुठं बैलगाडा, कुठं नुसती भांडनं, तशी त्यांचीबी असती. तुमच्याकडं एक वही व्हती, निळ्या पुठ्ठ्याची. पानाच्या वर गावाचं नाव, खाली लिवलेलं, कशासाठी प्रसिद्ध. ती तुमी कॉलेजात असल्यापासनं लिवत व्हता. त्यातल्या एकाबी परदेशी गावाला तुमी गेला न्हवता. गोव्याच्या जत्रंला तेवढे दोनदा गेला, जिथं सोन्याचा मोर देत्यात. पन बोलताना असं बोलायचा, जसं काय परवाच जाऊन आला.

फ्रान्सात समुद्राच्या कडंला कान नावाचं गाव हाय. तितं संध्याकाळच्या खेळाला काळा कोट आन गळ्याशी फुलपाखरागत बो असल्याबिगर आत सोडत न्हाईत. आवडलं तर लोक हात लाल होस्तवर उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवत्यात. न्हाई आवडलं तर करनारा समोर बसलेला असताना हुर्यो करत्यात. बक्षीस काय, तर झाडाचं सोन्याचं पान. मी म्हनलं, "साहेब, आमच्यात दसऱ्याला आख्ख्या गावाला वाटत्यात सोन्याचं पान. आपट्याचं." तुमी एवढं हसला की चष्मा इंजिनावर पडला.

बर्लिनची जत्रा ऐन थंडीत. तितं साधीसुधी मानसं तिकिटाला रांग लावत्यात, आन पिक्चरनं सरकारला काय प्रश्न इचारलाय ते बघत्यात. बक्षीस अस्वल. टोरोंटोला मोठं बक्षीस पंच ठरवत न्हाईत, बघनाऱ्यांनी मत टाकायचं. लोकार्नोला गावच्या चौकात खुर्च्या मांडून उघड्यावर बघत्यात, पाऊस आला तर रेनकोट घालून बसत्यात पन उठत न्हाईत. अमेरिकेत एका डोंगरातल्या जत्रंत तर जायच्या दिवसापातुर पिक्चर कुठले हायत तेच सांगत न्हाईत. मी म्हनलं, "आपल्या कॅन्टीनच्या भाजीगत." आन सगळ्यात जुनी व्हेनिसची. पान्यातलं गाव. नट-नट्या नावंतनं उतरत्यात. बक्षीस पंखवाला सिंह. व्हेनिस म्हनताना तुमचा आवाज बारीक व्हायचा. देवाचं नाव घेतल्यावर आमच्या आईचा व्हतो तसा.

मग थांब्यांना नावं मी पाडली. धरनाचं पानी सोडलं की तुमच्या सांगवीत गुडघाभर, म्हनून सांगवी झालं व्हेनिस. पुनावळं टोरोंटो, कारन तितल्या सोसायट्यांत कुत्र्याला बिस्कीट घालायचं का न्हाई ह्याच्यावरबी मतदान घेत्यात. देहूरोड बर्लिन, लष्कराची हद्द आन सकाळची थंडी. आन आपलं गेट म्हंजे कान. कारन तुमी सांगितलं व्हतं, तितं गळ्यातल्या पासाचा रंग बघून रांग ठरती. आपल्याकडंबी तेच. तुमचा पास निळा, कंत्राटवाल्यांचा पिवळा, आन माझा पांढरा. पांढऱ्यावर लिवलंय, आत प्रवेश नाही. वाचता येत नसलं तरी तेवढं मला वाचता येतं.

आत काय हाय ते तुमाला सगळं ठाव व्हतं. आत आधी काय व्हतं ते मला ठाव व्हतं. पन ते मी तुमाला बरीच वर्षं सांगितलं न्हाई.

मग तुमी रजा टाकून बसमधी बसायला लागला. रजा टाकून कंपनीच्या बसनं कंपनीच्या गेटपातुर येनारा मानूस मी दुसरा बघितला न्हाई. शिफ्ट आत गेली की मी दिवसभर कंपनीच्या भिंतीकडंला बस लावून थांबतो, तर तुमी शूटिंगला फोन धरून माझ्यासमोर. म्हनला, "तुम्ही रोज करता तेच करा." मी काय केलं? दुसऱ्या दिवशी पावडर लावून आलो. केस पान्यानं बसवले. भावाच्या लग्नातला सफारी घातला. रिकाम्या बसमधी भाषान केलं, शीटांना नमस्कार केला. तुमी सगळं घेतलं, शान्यागत मान हलवली, आन घरी जाऊन सगळं कापून टाकलं. ठेवलं काय, तर मला ठाव नसताना घेतलेलं.

भागवतचा डबा नेहमीगत बसमधी ऱ्हायला व्हता. मी तो घेऊन भिंतीकडंकडंनं गेट नंबर तीनला देऊन आलो. एवढंच. अकरा मिनिटांचा पिक्चर. त्यात मी डबा उघडतो, हिकडं-तिकडं बघतो आन एक कोथिंबीर वडी तोंडात टाकतो. मग झाकन लावून, बोटं विजारीला पुसून चालाया लागतो. भिंत सरता सरत न्हाई. मधीच एका जागी मी थांबतो, भिंतीला हात लावतो, जरा उभा ऱ्हातो आन पुढं जातो. गेटवर वॉचमन आत सोडत न्हाई. मी डबा पोटाशी धरून उन्हात उभा. कुनीतरी येऊन डबा नेतो. पिक्चर खलास.

तुमी मला इचारलं व्हतं, "बबनराव, त्या जागी का थांबलात?"

म्हनलं, "लघवीला जागा बघत व्हतो."

पिक्चर झाल्यावर तुमी मला पेन ड्राइव्ह दिला. म्हनला, "हा फक्त तुमच्यासाठी. घरी टीव्हीला लावा, आईंना दाखवा. बाहेर नको. मी व्हेनिसला पाठवणार आहे, आणि त्यांची अट असते, सिनेमा जगात पहिल्यांदा त्यांच्याकडेच दिसला पाहिजे." मी ऐकलं साहेब. ऐकलं न्हाई असं खोटं नाय सांगनार. जगात पहिल्यांदा, हे मी ऐकलं. पन मला वाटलं, जगात म्हंजे जगात. निघोजं जगात कुठं येतंय?

जत्रंला गावात मोठा पडदा आनला व्हता, सत्कार दाखवाया. पाहुने यायला येळ व्हता, लोक जमून बसलेले, पडदा नुसता निळा. माझ्या खिशात तुमचा पिक्चर. माझ्या पोटात आजवर कुठलं गुपित ऱ्हायलं न्हाई, आन ही तर चांगली गोष्ट. दिवेलागनीला मी तो लावाया दिला. मला ठाव न्हवतं, कमिटी जत्रा सगळी फोनवरबी सोडत व्हती, देशोदेशी बसल्या जागी बघता येईल अशी.

वडी खाल्ली तवा आख्खी जत्रा हसली. "बबन्या चोर, बबन्या चोर." मी उठून मुजरा केला. मग भिंत सुरू झाली. लोक जरा हसले, मग चुळबूळ झाली. आन मी पडद्यावर त्या जागी थांबलो तवा पहिल्या रांगेतनं आमची आई मोठ्यानं म्हनली, "हीर."

कुनाला कळंना. ती परत म्हनली, "आपली हीर हाय ना रं तितं, भिंतीच्या आत."

व्हती. विहीर बुजवून त्याच्यावर भिंत गेली. आमचं रान त्या गेटच्या आत गेलं त्याला लई वर्षं झाली. पैसं मिळालं, घर झालं, माझी तक्रार न्हाई. मी त्या जागी हात लावतो हेच मला ठाव न्हवतं, पडद्यावर बघूस्तवर. मग मी पुढं चालाया लागलो आन मागनं शंकरतात्या बोलले, "हितं आमचा बांध." मग कुनी बाई, "हितं चिंच व्हती, सासू-आजेसासूनं लावलेली." मग भिंत जशी सरकंल तसं एकेक जन. "हितं ओढा वळायचा." "हितं आमच्या बैलाला पुरला." त्या भिंतीवर तर काय न्हाई साहेब, नुसतं पांढरं सिमेट. पन सगळी तिच्यातनं आरपार बघत व्हती. पिक्चर संपला तरी टाळी पडली न्हाई. कुनीतरी म्हनलं, "परत लाव." तीनदा लावला. पाहुने येऊन उभे ऱ्हायले.

दुसऱ्या दिवशी सांगवीच्या थांब्यावर तुमी चढायच्या आत मी सांगाया लागलो. वाटलं, तुमी मला मिठी माराल. भागवत मागनं वरडत व्हता, "बबन्या, फोनवर बघितलं मी. वरीसभर मला वाटत व्हतं, बायकूच चार वड्या देती." सगळे हसत व्हते. तुमी हसला न्हाई. इचारलं, "फोनवर?" म्हनलं, व्हय साहेब, आख्ख्या दुनियेत.

पुनावळ्याला तुमी म्हनला, "आई काय म्हणाल्या, ते पुन्हा सांगा." मी सगळं सांगितलं. हीर, बांध, चिंच, बैल. तुमी काचेतनं बघत ऐकलं. देहूरोडला तुमी म्हनला, "आता व्हेनिस नाही, बबनराव." चिडून न्हाई. क्वालिटीत नापास झालेला पीस बाजूला ठेवावा तसं.

तुमी चार दिवसांनी फॉर्म छापून आनला, मला दाखवला. त्यात एक प्रश्न, आधी कुठे दाखवला आहे का. होय, न्हाई, दोन चौकोन. म्हनलं, साहेब, न्हाईवर टिक मारा. व्हेनिसवाले काय निघोज्याला इचाराया येनार हायत? तुमी म्हनला, "मी टिकाच मारत आलो आयुष्यभर. एक खोटी मारली की मागच्या सगळ्या खोट्या होतात." म्हनलं, ते लोखंडाच्या पीसचं झालं. हे आपलं गावातलं. गावातलं कशाला धरायचं? निघोजं जगात येतं का?

तुमी म्हनला, "येतं."

म्हनलं, न्हाई येत. मला ठाव हाय, मी ऱ्हातो तितं.

"येतं, बबनराव."

म्हनलं, मग दुसऱ्या जत्रंला पाठवा, जिथं ही अट नसंल. तुमी म्हनला, "बघू." क्वालिटीवाला बघू म्हनला की काय व्हतं ते मला ठाव हाय.

आन दुसऱ्या दिवशी तुमी इंजिनाशेजारी बसला न्हाई. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसला. मी म्हनलं, "साहेब, पडदा हिकडं हाय." तुमी हसून नुसता हात केला.

आता वहिनी, हे लिवा. थांबू नका.

मी त्याचा राग धरला. चूक माझी, आन राग मीच धरला. मी सॉरी म्हनायला पायजे व्हतं. एक शब्द, तोबी इंग्रजी, फुकटचा. मला तो म्हनता आला न्हाई, म्हनून मी विनोद केले. संध्याकाळी परतताना सांगवी आली की वरडायचो, "चला, व्हेनिसवाले उतरा, सिंह वाट बघतोय." बस हसायची. दोन-चार दिवसांत नवी पोरंबी तुमाला मागनं व्हेनिस म्हनाया लागली. तुमी दांड्याला धरून हळूहळू उतरायचा, खाली उभं ऱ्हाऊन जरा थांबायचा, मग मला हात करायचा. रोज करायचा. मी आरशात बघायचो आन हात करायचो न्हाई. मला वाटायचं, मानूस रागावलाय, तिसऱ्या रांगेत जाऊन बसलाय, आन वर चांगुलपना दाखवतोय. पावसाळा आख्खा असा घालवला मी. त्या सोमवारचा विनोद हा काय पहिला न्हवता साहेब. तो शेवटचा व्हता, एवढंच.

हितं वहिनींनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता घराबाहेर काढत्यात. काढायलाच पायजे व्हतं.

त्या म्हनल्या, "बबनराव, त्यांना धाप लागायची. उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हणाले होते, उष्णता टाळा. इंजिनाजवळ त्यांना श्वासच घेता येईना."

म्हनलं, मला बोलले न्हाईत.

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही बस सावकाश चालवाल, आणि सगळ्यांचं पंचिंग चुकेल, म्हणाले."

साहेब, तुमी हे मला सांगायला पायजे व्हतं. मघापासनं माझीच चूक सांगतोय, पन ही तुमची. दांड्याला धरून खाली उभं ऱ्हायचा ते धाप लागली म्हनून, आन मी वर बसून तुमच्यावर बस हसवत व्हतो. एक शब्द मला जमला न्हाई, एक तुमाला. दोन म्हातारे गडी, रोज सकाळी एका काचेतनं बघनारे.

मी वहिनींना इचारलं, ते माझ्यावर रागावले व्हते का? खरं सांगा. त्या म्हनल्या, "मला घरी काही बोलले नाहीत. ते रागावले तरी बोलायचे नाहीत, आणि खूश झाले तरी नाही." मग त्या उठल्या, आतनं तुमची निळी वही आनली. म्हनल्या, "ह्यात असलं काही तर बघू." मला तर अक्षर म्हंजे मुंग्या. त्याच वाचाया लागल्या. कान. बर्लिन. व्हेनिस, त्याला दोन पानं. लोकार्नो. टोरोंटो. केरळातली, जिथं रिक्षावालेबी पिक्चरवर वाद घालत्यात. गोवा. त्या फॉर्मची घडी करून तुमी वहीतच ठेवलीय, पाठवलाच न्हाई. होयच्या चौकोनात टिक हाय. तेवढी मला ओळखू आली.

फॉर्मच्या मागं शेवटचं लिवलेलं पान. वहिनी वाचताना मधीच थांबल्या, मग परत पहिल्यापासनं वाचलं.

"निघोजे. गावच्या जत्रेत, उघड्यावर. टाळ्या वाजवत नाहीत, पुन्हा लाव म्हणतात. कशासाठी प्रसिद्ध: इथल्या प्रेक्षकांना भिंतीपलीकडचं दिसतं."

त्याच्यापुढं कोरी पानं.

चहाचं झालं पानी. मी म्हनलं, वहिनी, आता ह्याच्यावर मला कायतरी विनोद सुचायला पायजे व्हता. त्या म्हनल्या, "नाही सुचला तरी चालेल."

तुमचं-माझं भांडन मिटलं असं मी म्हननार न्हाई. एका वहीत लिवलं म्हनून निघोजं जगात येत न्हाई. मला आजबी वाटतं, तुमी न्हाईवर टिक मारायला पायजे व्हती. नावंतनं उतरायला पायजे व्हतं, काळ्या कोटात. मी भावाच्या लग्नातला सफारी दिला असता. आन तुमी म्हनला असता, "येतं, बबनराव." आन आपन असंच देहूरोडपातुर गेलो असतो.

मी उठाया लागलो तर वहिनींनी इचारलं, "मला ती भिंत दाखवाल?"

म्हनलं, निस्ती भिंत हाय वहिनी. पांढरी.

"असू दे."

तर उद्या पहिल्या शिफ्टला सांगवीच्या थांब्यावर त्या चढनार हायत. त्यांनी इचारलं, हे कुठे बसायचे. मी म्हनलं, इंजिनाशेजारी, पन तितं धग लागती. त्या म्हनल्या, "तिथेच बसते." मी बस सावकाश चालवीन, पंचिंग चुकलं तर चुकू द्या. गेटच्या आत मला सोडत न्हाईत, त्यांनाबी सोडनार न्हाईत. आमी बाहेरनंच बघू साहेब. दिसतंय तितनं.